पहिलं अक्षर

३ जून
नोकरी लागली आणि राहायला खोलीही मिळाली! माझ्या लेकीनं, चिंगीनं, आल्या आल्या गॅलरीचा ताबा घेतला. सासरचं दार बंद आणि माहेरचं किलकिलं, अशा बाईला आणखी काय हवं? काम तर सोपंच, घरच्या आजींसमोर खुर्ची टाकून बसायचं. आजारपणात आजींच्या तोंडातून वस्तूंची नावं गेली. कात्री दाखवली की म्हणतात, "सुरी... नाही गं, ते कापायचं!" आपण फक्त पहिलं अक्षर पुरवायचं, पुढचं त्या ओढून काढतील. हे तर तुम्हालाही जमेल, असं मी आजींच्या मुलाला म्हटलं. त्याला वेळ नसतो म्हणे. स्वयंपाकीणबाई नुसत्या बोटांनी बोलतात. असतो एकेकीचा तोरा.

८ जून
आजींची गाडी सुसाट आहे. मुलगा खूश, मला कोरडी शाबासकी. दुपारी चिंगीचे केस कापायला बसले आणि ते हत्यारच मागता येईना. दोन पाती, बोटं घालायला दोन भोकं, सगळं डोळ्यांसमोर. नाव जिभेपर्यंत येऊन परत जातं. मागचं पान काढलं. शब्द मीच लिहिलाय. वाचला, आणि वही मिटताच पुन्हा गेला.

१३ जून
तोरा कसला! माझ्याआधी या खुर्चीत स्वयंपाकीणबाईच बसायच्या. आजींनीच सांगितलं, जराही न अडखळता. म्हणजे आजींना मिळतो तो शब्द माझ्यातून जातो. मुलाला जाब विचारला तर तोंड वर करून म्हणाला, आईपुढे तुमच्या चार शब्दांचं काय एवढं? नको असेल तर खोली रिकामी करा. जायचं कुठे? आग लागो या घराला. चिंगीला बजावलंय, आजींजवळ फिरकायचं नाही.

१६ जून
लेक गॅलरीच्या कठड्यावर चढली. वाकली. मी किंचाळले — पहिलंच अक्षर — पुढचं आजींनी म्हटलं. लेक वळली, उतरली, त्यांच्याकडे गेली. वाचली. तिला कुशीत घेऊन बसले, आणि तिला काय म्हणतात ते — नुसती रडले.

१७ जून
सामान भरतेय. कपडे भरायचं ते — चेन लावायचं — असू दे. रस्त्यावर झोपू. पलीकडून आजींची हाक आली. माझ्या लेकीच्या नावानं. गेलीसुद्धा ती. माझ्या खोलीचं दार कुणीतरी बाहेरून लावलंय. आजी लाडानं विचारतायत, ती सामान भरणारी बाई तुझी कोण? पहिलं अक्षर तूच सांग, म्हणतायत. तिला अडवायला हवं — हाक मारायला — काय म्हणून — ती हसतेय, सांगतेय, आ