मंगळवारचं बीजगणित

सर, तुमची योजना माझ्यासमोर टेबलावर आहे. आपल्या हायस्कुलातल्या कपाटातून काढलेली, कडेनं पिवळी पडलेली पाच पानं, तुमच्या त्या उभट अक्षरातली, एकही खाडाखोड नसलेली. वर लिहिलंय, ‘मॅट्रिकचा निकाल सुधारण्याविषयी’. आताच्या हेडमास्तरांनी गेल्या सोमवारी ती माझ्या हातात दिली. म्हणाले, गेल्या साली निकाल फार खाली गेला, कमिटी रोज विचारते आहे, तुम्ही अशीच एक योजना लिहून द्या. नवं काही सुचवत बसू नका, जुन्या सरांनी सगळं लिहून ठेवलंय. बरोबर एक यादीही दिली. चाचणी परीक्षेत उतरले नाहीत म्हणून ज्यांना यंदा मॅट्रिकचा फॉर्म द्यायचा नाही अशा मुलांची. वर्गशिक्षक म्हणून तिच्यावर माझी सही हवी, उद्यापर्यंत. आज रविवार आहे, जेवणं होऊन घर पेंगतंय, आणि मी सही केलेली नाही. करणारही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी शहाण्यासारखा वागेन अशी आशा तुम्ही धरणार नाही.

तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. अजून सोलापुरात तुमचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात. मीही आणतो. तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलाला ती खोड जन्माची लागते. पण तुमची ही पाच पानं मी या आठवड्यात चार वेळा वाचली आणि चारही वेळा मला संताप आला, तेव्हा आज आवाज खाली आणणं जमणार नाही. योजना म्हणून तुम्ही काय लिहिलंय? चाचणी कडक घ्यावी. तीत जो उतरणार नाही त्याला विद्यापीठाच्या परीक्षेला पाठवू नये. उरलेल्यांकडून कसून अभ्यास करून घ्यावा. झालं. पहिल्याच वर्षी निकाल वर आला आणि ऑफिसातल्या काळ्या फळ्यावर तुम्ही स्वतः तो पांढऱ्या रंगानं लिहिलात. येणारच की वर. जे पडतील असं भय होतं त्यांना दारातच अडवल्यावर पडायला राहिलं कोण? याला निकाल सुधारणं म्हणत असतील तर आजारी माणसं दवाखान्यात न घेणारा डॉक्टर सगळ्यात मोठा. त्या वर्षी दारात अडवलेल्यांत मी होतो आणि माझ्या बाकावर शेजारी बसणारा माझा मित्रही होता.

आम्ही दोघंही पूर्व भागातले, मागावर लुगडी विणणाऱ्यांच्या घरातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि वरच्या वर्गात तुमची इंग्रजी. आमच्या गल्लीत मॅट्रिकच्या वर्गापर्यंत पोचलेले आम्ही दोघंच. आमची आई शेजारणींना सांगायची की माझा मुलगा मराठीत बोलायला लागला की मराठी माणसाला वाटतं आपल्यातलाच आहे. त्याच मराठीपायी मी दर मंगळवारी शाळा चुकवत होतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मंगळवारी बाजार. आठवडाभर विणलेली लुगडी खांद्यावर घेऊन वडील आणि मी व्यापाऱ्याच्या दुकानात जायचो आणि पुढच्या आठवड्याचं सूत घेऊन यायचो. वडिलांना मराठी येत नव्हती. व्यापारी लुगड्याचा काठ बोटांनी चिवडत खोट काढायचा, आणि ती खोट नाही, धागा असाच बसतो, हे त्याला मराठीत सांगायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मित्राच्या घरी तीच तऱ्हा. बुधवारी वर्गात विचारलं की मी पोट दुखत होतं म्हणायचो. मित्र ताप म्हणायचा. आम्ही आजार वाटून घेतले होते.

आणि मग चाचणीत आम्ही दोघंही बीजगणितात आपटलो. बाकीच्या विषयांत नाही, एकट्या बीजगणितात. तुम्ही पालकांना बोलावून घेतलंत. वडील धुतलेलं धोतर नेसून आले, ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या. तुम्ही त्यांना आत बोलावलंत, खुर्ची दिलीत, ते मी विसरलेलो नाही. आमच्या गल्लीतल्या माणसाला त्या शाळेत कुणी खुर्ची देत नसे. ते बसले नाहीत. तुम्ही मराठीत बोलत होता आणि मी शेजारी उभा राहून वडिलांना तेलुगूत सांगत होतो. ‘मुलगा वाईट नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘पण याला बीजगणित झेपत नाही. या वर्षी फॉर्म देता येणार नाही.’ स्वतःच्याच कपाळावरचं मला मोठ्यानं वाचायला लागलं, सर. मी ते वाचलं, शब्दाला शब्द. वडील थोडं बोलले, मी तुमच्याशी थोडं बोललो, आणि आम्ही बाहेर आलो. मित्राचे वडील तर आलेच नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी त्याला गिरणीत लावलं.

लोक म्हणतात, त्यांनी तुला घडवलं. समारंभात मला उभं करून म्हणतात. कारण पुढच्या वर्षी दर रविवारी सकाळी तुम्ही मला तुमच्या घराच्या ओसरीवर बोलावलंत आणि बीजगणित शिकवलंत. एक पैसा न घेता, चटईवर समोर बसून, मध्ये काकूंनी आणून ठेवलेला पोह्यांचा वाडगा. तुमचं स्वतःचं पुस्तक मला दिलंत, समासात तुम्ही सोडवलेल्या उदाहरणांसकट. ते अजून माझ्याकडे आहे आणि मी त्यातूनच शिकवतो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी एक समीकरण तुमच्या आधी सोडवलं आणि तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणालात, ‘अरे, मग गेल्या वर्षी काय झालं होतं तुला?’ मी हसलो. तुम्हीही हसलात आणि पुढचं उदाहरण घातलंत. तो प्रश्न तुम्ही विचारलात, सर, पण उत्तराला थांबला नाहीत. मी तेव्हा कृतज्ञतेनं इतका वाकलो होतो की मलाही तो प्रश्न आहे असं वाटलं नाही. पास झालो, पुण्याला गेलो, परत येऊन तुमच्याच शाळेत मास्तर झालो, आणि सोळा वर्षं हेच मानत आलो की माझ्या डोक्यात बीजगणिताला जागा कमी होती आणि तुम्ही ती करून दिलीत.

मंगळवारी, म्हणजे यादी मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, गिरणी सुटल्यावर फाटकाजवळच्या चहाच्या दुकानात तो मित्र भेटला. आता त्याच्या हाताखाली एक खातं आहे, केसांत कायम कापसाचे तंतू असतात. मी आपली रडकथा सांगत होतो, की यंदाही तेच, पोरं बीजगणितात जातात, आपल्यासारखीच. तो चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, ‘आपल्याला येत न्हवतं म्हनून गेलो व्हय आपन? बीजगणित मंगळवारी असायचं की. मंगळवारी आपन शाळेत हुतोच कुटं?’ इतकं बोलून तो पुन्हा चहा प्यायला लागला. त्याला वाटलं मला हे ठाऊकच असेल.

दुसऱ्या दिवशी मी शिपायाकडून जुन्या कपाटाची किल्ली घेतली. तुमच्या हातचं वेळापत्रक सापडलं. मॅट्रिकचा वर्ग: मंगळवारी लागोपाठ दोन तास बीजगणित, नवा धडा. शनिवारी एक तास, उजळणी. म्हणजे जो धडा आम्हाला कुणी शिकवलाच नाही त्याची उजळणी करायला आम्ही दर शनिवारी न चुकता हजर होतो. मग हजेरीपट काढला. माझ्या नावापुढे सबंध वर्षभर मंगळवारच्या घरात गैरहजेरी. मित्राच्या नावापुढे तीच. अजून दोघांच्या नावापुढे तीच, आणि चौघंही त्या वर्षी फॉर्म न दिलेल्यांच्या यादीत. वेळापत्रक तुमच्या भिंतीवर होतं, हजेरीपट तुमच्या कपाटात, चाचणीचे गुण तुमच्या खणात. खुर्चीवरून न उठता तिन्ही हाताला लागत होते. तुम्ही डोळ्यांत तेल घालून शाळा चालवलीत, फळ्यावरची धूळसुद्धा तुम्हाला दिसायची. हे तीन कागद तुम्ही कधी एकमेकांशेजारी ठेवले नाहीत. बीजगणित गुरुवारी नेलं असतं तर भागलं असतं. पाच पानांची योजना लागली नसती, ओळभर पुरली असती.

मग मी माझे तीन कागद एकमेकांशेजारी ठेवले, कारण तुम्हाला एवढं बोलल्यावर ते टाळणं बरं दिसलं नसतं. यंदाच्या यादीत जवळच्या होटगी गावची दोन मुलं आहेत. एकाचा बाप रेल्वेत, दुसऱ्याचा शेतावर. दोघंही माझ्या बीजगणितात गेली, बाकी सगळीकडे पास. आणि माझं बीजगणित रोज पहिल्या तासाला, मीच मागून घेतलेलं, सकाळी डोकं ताजं असतं म्हणून. ही दोघं रोज उशिरा येतात, आणि शिस्त म्हणून मी त्यांना अर्धा तास दाराबाहेर उभं करतो. जूनपासून करतोय. गुरुवारी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, उशीर का होतो. एक म्हणाला, उठायला उशीर होतो. दुसरा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. तेव्हा दुसरा म्हणाला, ‘गाडी टेसनात येती तवाच घंटा होती, सर. पळत आलो तरी गावत न्हाय.’ मग हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी जवळजवळ ओरडलो. तो म्हणाला, ‘तुमी विचारलं न्हाय की.’

शुक्रवारी मी तिन्ही कागद आणि तुमची योजना घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. सांगितलं, बीजगणित मधल्या सुट्टीनंतर घेऊ द्या, या मुलांना महिनाभर शाळा सुटल्यावर मी शिकवतो, पुन्हा तपासा आणि मग फॉर्मचं ठरवा. फॉर्म भरायला अजून अवकाश आहे. ते म्हणाले, आगगाडीच्या सोयीनं शाळा चालवायची नसते. मी म्हटलं, मग कुणाच्या सोयीनं चालवायची? त्यांनी तुमची पाच पानं माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, तुम्ही यांच्यापेक्षा शहाणे झालात का. या एका बाबतीत हो, असं मी म्हणालो, सर. तुमच्या तसबिरीखाली उभा राहून म्हणालो. सोमवारी सही झाली नाही तर ते कमिटीकडे माझी तक्रार करणार आहेत. खुशाल करोत. कमिटीसमोर मी हेच तीन कागद मांडीन. त्या दोन मुलांचं एक वर्ष मी असं जाऊ देणार नाही, आणि पुढे रविवारी ओसरीवर बोलावून, पोहे खायला घालून, त्यांच्याकडून आभारही मानून घेणार नाही.

इथेच हात थांबवावा असं वाटत होतं. पत्र धाडायला पत्ता नाही, तेव्हा ते तुमच्या योजनेच्या घडीत कपाटात परत जाईल. पुढे कुणी ती काढली तर दोन्ही एकदम वाचील. आणि हे असंच ठेवलं तर वाचणाऱ्याला सगळा दोष तुमचाच वाटेल. होटगीच्या त्या पोरानं अंगठ्यानं फरशी उकरली तेव्हापासून एक गोष्ट मला खाते आहे. तुम्ही प्रश्न विचारून उत्तराला थांबला नाहीत असं मी वर लिहिलं, पण त्या दिवशी ऑफिसात एका माणसानं विचारलं होतं. वडील थोडं बोलले असं मी म्हटलंय ना, ते काय बोलले ते मी लिहिलं नाही. ते तेलुगूत म्हणाले होते, ‘दर मंगळवारी मी याला बाजारात नेतो. त्यानं हे झालंय का, एवढं विचार सरांना.’

बाजारात मी खांद्यावर गठ्ठा वाहतो, हे तुम्हाला कळू नये असं मला वाटलं. वडील मरेपर्यंत म्हणत राहिले की तुझे सर मोठे होते, पण त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.

‘काय म्हणताहेत?’ त्या दिवशी ऑफिसात तुम्ही मला विचारलंत. थांबलात, माझ्याकडे बघत.

‘नमस्कार म्हणताहेत, सर,’ मी म्हणालो.