हजेरीचं मेडल

सोम. २ फेब्रु.
ऋतूच्या शाळेतून फोन, १०१ ताप. सून वैशाली पांडेसऱ्याला मिलमध्ये, मुलगा नितीन इच्छापोरला कामावर. म्हणजे भेस्तानातल्या घरून धावायला आजी. रिक्षा करून आणली. संध्याकाळी सूनबाईंना विचारलं, सकाळी ताप बघितला नव्हतास?
"बघितला ना आई. नॉर्मल होता."
कधी?
"सिरप दिल्यावर."
कपडे धुऊन झाल्यावर डाग शोधायचे! बोलले. जरा जास्तच बोलले, पण चूक काय बोलले?

मंगळ. ३
घरी ठेवली. मऊ भात, लिंबाचं लोणचं, दुपारी दोघींचे पत्ते. लबाडी करते, झकास करते. पोर आजारी असताना असं लिहू नये, पण दिवस मजेत गेला.
फ्रिजवर नियम लावला: सिरप न देता पूर्ण एक दिवस ताप नाही, तरच शाळा. वै. वाचून म्हणाली, "तुमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांची शाळा घरीच आली की."

बुध. ४
सकाळी थर्मामीटर ९७. कपाळ मात्र तव्यासारखं. माठाजवळ ओला पेला.
"थंड पाणी तोंडात धरलंस?"
"कंई नथी, आजी." कात्रीत सापडली की इथली गुजराती सुरू.
मग रडू. तिसरीच्या वर्गात वर्षाला दोनच खाडे माफ. काल एक, आज दुसरा. तिसरा झाला की मेडल गेलं. "मला तुझ्यासारखं हवंय."
माझं मेडल काचेच्या कपाटात. भुसावळचं कॉन्व्हेंट, सातवी, वर्षभर एकही खाडा नाही. १०२ तापात भूगोलाचा पेपर दिला, हे मीच शंभरदा सांगितलंय. पाण्याची युक्तीही मीच, हसत हसत.
तो गोवर होता, हे नव्हतं सांगितलं. बाकावर शेजारी नलिनी. तिला माझ्यामुळे लागण झाली, तिची परीक्षा बुडाली. आज सांगून टाकलं.
"मग तू मेडल तिला का नाही दिलंस?"
अकरा वाजले होते. सिरपची वेळ. उठले.

गुरु. ५
सहा वाजता काखेत थर्मामीटर, माझ्यासमोर. ९८.४. कालच्या अकरानंतर सिरप नाही, तापही नाही. रात्री शांत झोपली, मीही. पण नियमाने आज अकरापर्यंत थांबायला हवं आणि शाळेची रिक्षा येते सव्वासातला.
ऋतू युनिफॉर्म घालून बसलीय, मोजे हातातच. मघाशी मोज्यांकडे बघत म्हणाली, "माझ्या शेजारी ध्रुवी बसते."
वै. डबा भरता भरता थांबली. "आई, नियम तुमचा. तुम्हीच सांगा."
लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मला विचारतेय. आणि मी वही घेऊन लिहीत बसलेय.
डबा भर म्हटलं तेवढं. साधी खिचडी आहे, घरी खाल्ली तरी चालेल.
खाली हॉर्न. दोघी माझ्याकडे बघतायत.