उजेड वाढवला, त्याची हकीकत

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, पण आठही अंगांनी.) तुझी पाठ काय म्हणते? भाऊजींच्या घोरण्याची पट्टी जरा उतरली का? इकडे सगळे ठीक आहोत आणि हल्ली एकमेकांना नको तितके स्पष्ट दिसतो आहोत. कारण घरातले जुने बल्ब आणि ट्यूब काढून मी सगळीकडे एलईडी बसवले.

निमित्त बाबांचं. "या घरात उजेडच नाही, माणसानं पेपर वाचायचा कसा?" हे त्यांचं पालुपद. शेवटी मी कंबर कसली. होल्डर, पट्ट्या, काचेच्या हंड्या आहेत तशाच ठेवायच्या आणि नुसते दिवे बदलायचे, यात अवघड ते काय, असं मला वाटलं (वाटायला काय जातं?). आणलेले बल्ब आट्यांचे निघाले आणि आपले होल्डर पिनांचे. ते बदलून आणले. जुन्या पट्टीत नवी ट्यूब खोचली, तर ती डोळे मिचकावायला लागली. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "काका, आतला चोक तसाच ठेवलात होय?" चोक काढून त्याने जोडणी नव्याने केली, तेव्हा ती शहाण्यासारखी पेटली. बैठकीतला बल्ब मात्र बटण बंद केलं तरी मंद तेवत राहतो. वायरमन म्हणतो, वायरिंग जुनं आहे. ही म्हणते, रिटायर झालेल्या साहेबासारखा आहे. (मी कधी रिटायर झालो ते हिला चांगलं ठाऊक आहे.) स्वयंपाकघरात पांढरा लख्ख उजेड पडला आणि शेगडीमागच्या भिंतीचा खरा रंग हिला दिसला. त्या भिंतीशी माझी आता चांगलीच ओळख झाली आहे.

सगळ्यात प्रखर दिवा बाबांच्या खुर्चीवर लावला. आम्ही कौतुकाने उभे. बाबांनी पेपर नाकाशी नेला, लांब धरला, मग दिव्याकडे बघून विचारलं, "खोलीत एवढं धुकं कसलं रे?"

धुकं नव्हतं, ताई.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. परतताना रिक्षा घराजवळ आली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "बल्बांना उगीच नावं ठेवली." उतरल्यावर मात्र जाहीर केलं, या वयात डोळ्याला कुणाचा हात लागू देणार नाही.

बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. दिव्यांचं एवढं रामायण लावलं ते मुद्द्यावर यायचा धीर होईना म्हणून. तू ये. मी समजावलं की ते चिडतात, हिने समजावलं की झोपेचं सोंग घेतात. तुला 'नाही' म्हणणं त्यांना कधीच जमलेलं नाही. आणि मी बोलावलं असं सांगू नकोस, सहज आले म्हण.

पुन्हा ता. क. बाबांनी आत्ताच विचारलं, कुणाला लिहितोस. मी म्हणालो, बँकेला. म्हणाले, "मग बँकेला लिही, सकाळच्या गाडीनं ये म्हणावं. न्यायला मी येणार स्टेशनवर. सकाळच्या वेळी मला चेहरा ओळखू येतो."