वैशाखात पेटवलेला हिटर

पिपरी (मेघे), वर्धा
वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप नानामामा,

धनंजयचा साष्टांग नमस्कार. नमस्कार बसल्या जागेवरून करतो आहे, कारण आमच्या ओसरीची फरशी सकाळी नऊलाच तापते आणि आडवा झालो तर उठताना अर्धा मी तिथेच राहीन. भाव मात्र पूर्ण आडवा आहे असे समजावे. तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता, की बाटली कोनाड्यात तशीच आहे? दोन्ही वेळा जेवता का, हे मी विचारत नाही, आईने विचारायला सांगितले आहे. आणि उत्तर खरे लिहावे असेही तिनेच सांगितले आहे. फोनवर तुम्ही एरवी "बरं हाये, ठेवतो" एवढेच म्हणता, म्हणून हे पत्र. सातवीपर्यंत तुम्ही मला घरी ठेवून गावच्या शाळेत शिकवले आणि पत्र कसे लिहावे तेही तुम्हीच शिकवले (आधी खुशाली, मग मजकूर, आणि रडगाणे असेल तर शेवटी). तेव्हा पत्र लांबले तर अर्धा दोष तुमचा.

मजकूर असा. अक्षय तृतीयेला आईने फोनवर तुम्हाला बद्रीनारायणाला चल म्हटले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "अक्का, तिथल्या थंडीत माहे गुडघे जागीच राह्यतीन. रातच्याले ऊब असंल तं पाहू." आम्हा सगळ्यांना वाटले, तुम्ही नाही म्हणालात. आई म्हणाली, हो म्हणाला. मनकर्णामामी गेल्याला सहा महिने झाले, आणि या सहा महिन्यांत तुमच्या तोंडून 'पाहू' हा शब्द पहिल्यांदा निघाला असा तिचा हिशेब. तेवढ्या एका शब्दावर तिने यात्रा बांधली. तिची अट एकच. नाना आला तर जायचे, नाही आला तर गाडी दारातून हलणार नाही. अशा रीतीने सगळा भार येऊन पडला तो तुम्ही सहज बोललेल्या 'ऊब' या शब्दावर.

ऊब मिळाली ती शेजारी. आमच्या बाजूला बंडोपंत म्हणून विज्ञानाचे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी मागच्या वर्षी एका फौजी साहेबांची झोपायची गाडी घेतली. दिसायला साधी लांब व्हॅन, पण आत चार पलंग, छोटा ओटा, हात धुवायची मोरी आणि एका पलंगाखाली गॅसवर चालणारा हिटर, जो पंख्याने गरम हवा फेकतो. बंडोपंतांची इच्छा भारतभ्रमणाची होती. त्यांच्या सुमतीबाई एकदाच आत चढल्या, चारी बाजूंनी पाहिले आणि "चार खोल्यांत तुमचं बोलणं ऐकून कान किटले, इथं तर एकच खोली आहे," एवढे बोलून उतरल्या. तेव्हापासून गाडी कडुनिंबाखाली उभी. आईची इच्छा कळताच बंडोपंतांनी ती मोठ्या मनाने देऊ केली, स्वतःसकट. चालवणारही तेच. (चालवताना बोलतात, पण तुम्हाला ऐकू कमी येते. देवाची योजना असते ती अशी.)

निघण्याआधी हिटर पेटवून पाहावा असे ठरले आणि शनिवारी दुपारी दोन वाजता आम्ही गाडीत शिरलो. त्या दिवशी वर्ध्यात पंचेचाळीस अंश होते. हा आकडा तुम्ही ध्यानात ठेवा, आम्ही ठेवला नाही. बंडोपंतांकडे हिटरचे पुस्तक आहे आणि त्यात बिघाड शोधण्याचा तक्ता आहे. तक्त्यात पहिलीच ओळ, दारे-खिडक्या बंद कराव्यात. आम्ही बंद केल्या. बटण दाबले. काही नाही. पंखा नाही, टकटक नाही, हुं की चूं नाही. मामा, मला कुठलेही यंत्र बंद पडले की आधी आपल्याच हातून काही चुकले असे वाटते, आणि बंडोपंतांनाही तसेच वाटते, म्हणजे माझ्याच हातून.

तक्ता म्हणाला, गॅस तपासा. गाडीतले सिलिंडर हलके लागले म्हणून मी स्वयंपाकघरातले उचलून आणले. कमला तेव्हा कुकर लावत होती. ती काही बोलली नाही (हे लग्नाला पंचवीस वर्षे झालेल्या माणसाने चांगले लक्षण मानू नये). तक्ता म्हणाला, बॅटरी तपासा. तपासली, उत्तम. फ्यूज बदला. बदलला. धूर बाहेर जाण्याच्या नळीत किड्यांनी घर केले आहे का पाहा. पाहतो तो खरेच, कुंभारमाशीने मातीची तीन मडकी करून नळी लिंपून टाकलेली. बंडोपंत म्हणाले, सापडला चोर! आणि पेचकस माझ्या हाती दिला. मला धीर होईना. देवाच्या वाटेवर निघायचे आणि निघण्याआधीच कुणाचे घर पाडायचे? मग तिन्ही मडकी अलगद सोडवून मी ती कडुनिंबाच्या ढोलीत ठेवली आणि हात जोडून माफी मागितली. बंडोपंत म्हणाले, धनंजय, माशीला मराठी कळत नाही. मी म्हटले, सर, मी तिच्याशी बोलतच नव्हतो.

नळी मोकळी झाली. पुन्हा दारे बंद, बटण, आणि पुन्हा तीच शांतता. घामाने माझा सदरा अंगाला चिकटला आणि बंडोपंतांचा चष्मा नाकावर राहीना. शेवटी आर्वी रोडवरच्या सचिनला बोलावले. हा गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो, दोन मुलांचा बाप आहे आणि कमी बोलतो. त्याने तासभर आत डोके घालून एकेक तार पाहिली, बाहेर येऊन माठातले तीन पेले पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, याले काईच नाई झालं. पन हा पेटतही नाई. असा पेशंट म्या नाई पाह्यला." मग जाता जाता, "सावंगीले नेऊन पाहा, तिथं मोठे डाक्टर हायेत," असे म्हणून हसला. बंडोपंतांना ते लागले. तेवढ्यात कमला दारात येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "हिटर पेटला नाई तं नाई, माही चूल मात्र विझवली तुम्ही."

खरे सांगू? मी त्या वेळी गाडीच्या पायरीवर बसून देवाला म्हटले, बा नारायणा, तुला जर मामाने यावे असे वाटत नसेल तर तसे सांग, यंत्राच्या आड लपू नकोस. आता आईला सांगायला जावे लागणार होते. तिने तुमच्यासाठी जाजम धुऊन वाळत टाकलेले मला समोर दिसत होते.

आणि तीच आली, आंब्याचे पन्हे घेऊन. पायरीवर बसली, पदराने वारा घेतला, आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले आणि विचारले, "काऊन रे, काय करून राह्यले एवढ्या उन्हात दारं लावून?" मी म्हटले, हिटर पेटत नाही. ती म्हणाली, "कसा पेटंल? तुम्हाले थंडी वाजून राह्यली का? नाई ना. मंग त्याले कशी वाजंल? वैशाखात कोनी शेकोटी पेटवते का येड्यावानी?"

बंडोपंतांनी पन्ह्याचा पेला तसाच खाली ठेवला. गाडीच्या आतल्या भिंतीवर एक पांढरी डबी आहे, तिच्यावर गोल खुंटी आहे आणि तीस हा तिच्यावरचा शेवटचा आकडा. ती डबी गाडीतली हवा किती गार आहे ते पाहते आणि हवा ठरवल्यापेक्षा गार झाली तरच हिटरला ऊठ म्हणते. गाडीत त्या वेळी पन्नास तरी असतील. हिटर बिघडला नव्हता, मामा, तो आम्हा तिघांपेक्षा शहाणा होता, एवढेच. छत्तीस वर्षे विज्ञान शिकवलेला माणूस आईकडे पाहून म्हणाला, "आनंदाबाई, तुम्ही कितवी शिकल्या?" आई म्हणाली, "दुसरी. पन नापास."

मग कमलाने पन्ह्यासाठी जमवलेला सगळा बर्फ फडक्यात बांधून आणला आणि मी तो त्या डबीला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर पट्टी धरावी तसा धरून उभा राहिलो. पाच मिनिटे काही नाही. मग पलंगाखाली पंखा घरघरला. टक, टक, टक झाले आणि आत भक्कन जाळ धरला. ती गरम हवा अंगावर आली तेव्हा आम्ही ओरडलो, आनंदाने की चटक्याने ते सांगता येणार नाही. पंचेचाळीस अंशांत हिटर पेटला म्हणून एकमेकांना मिठ्या मारणारी माणसे आपल्या जिल्ह्यात याआधी झाली नसतील. सुमतीबाई कुंपणाच्या भिंतीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "आता कूलर पौषात लावा." बर्फ काढला तसा हिटर आपोआप निजला.

पण निजण्याआधी आई आत चढली होती. तिने मागच्या खालच्या पलंगापाशी जाऊन झरोक्यासमोर हात धरला. कपाळावरून घाम ओघळत होता, तरी हात काढला नाही. मला म्हणाली, "इथपर्यंत येते रे ऊब. हा नानाचा पलंग." मी बरे म्हटले आणि बाहेर येऊन तोंड धुतले.

तर मामा, ऊब आहे. माझ्या डोळ्यांनी पाहिली, अंगाने सोसली. शाळेचे कार्यालय मला एक जूनपासून पंधरा दिवस सोडते आहे. तुम्ही दोन दिवस आधी आर्वीहून एसटीने यावे, मी स्टँडवर उभा असेन. इतरांस यथायोग्य लिहिले असते, पण घरात तुम्ही एकटेच आहात, तेव्हा सगळे यथायोग्य तुम्हालाच.

तुमचा भाचा,
धनंजय

ता. क. खोटे लिहू नये म्हणून कळवतो की काल हिटर पुन्हा लावून पाहिला, पेटला नाही. बर्फ संपला होता. बंडोपंत म्हणतात, डोंगरात बर्फच बर्फ आहे. तरीही मी चार घोंगड्या घेतल्या आहेत.

आणखी ता. क. हे आईला न दाखवता लिहितो. मला नोकरी लागली त्या वर्षी आई-बाबा रेल्वेने बद्रीनारायणाला जाऊन आले होते. वर्धा स्टेशनावर त्यांना पोचवायला तुम्ही आणि मामी आला होता, आणि त्यांनी बद्रीनारायणाहून आणलेला प्रसाद तुम्हीच गावभर वाटला. आता आई सगळ्यांना सांगते, "मरायच्या आंधी एकदा तरी बद्रीनारायन पाह्यला पाह्यजे." मी तिला आठवण दिली नाही. तुम्हीही फोनवर दिली नाही. तिला देव पाहायचा नाही, मामा, तो तिने पाहिला आहे. तिला तुम्हाला त्या घरातून उठवायचे आहे. बद्रीनारायण राहू द्या हवे तर. तुम्ही फक्त पिपरीपर्यंत या.

शेवटचे. पाकीट चिकटवताना आईने पकडले. तिला वाचता येत नाही, पण वरचे ता. क. मी कशाबद्दल लिहिले ते तिने माझ्या तोंडावरून वाचले. रागावली नाही. म्हणाली, आता माह्यं लिही, जसं मी बोलतो तसंच लिही: "नाना, येजो. मन नसंल तरी येजो, मन मागून येते. अन् एक तारखेपर्यंत नाई आला, तं मी हे गाडी घेऊन तुह्या दारात येतो, तुले पलंगावर निजवतो अन् तिथंच हिटर लावतो. बर्फ मी संगं आनीन."