कवडीबेट बंद हाय

१५ मे, शुक्रवार, अकोला

लागलो बाप्पा नोकरीले! मोर्शीहून सकायच्या एसटीनं निघालो, अमरावतीले गाडी बदलली, अन् टॉवर चौकात उतरलो तं ऊन असं का टाळूवर पापड भाजून घ्यावा. तरी खुश. ऑफिस वरच्या माळ्यावर हाय. खाली चष्म्याचं दुकान, वर आमचं टूरवाल्याचं. पाटीवर नारळाचं झाड, अन् त्याच्याखाली एक बाई खुर्चीत लोळून राह्यली. मालक शेखरभाऊ. माणूस चांगला, पण बोलते असा का आत्ताच कोणी त्याच्या पायावर पाय देल्ला. मले विचारलं, बारावीचं काय झालं? मी म्हटलं भाऊ, मी सोडाले तयार हाव, बारावीच मले सोडून नाई राह्यली. हासला.

काम सोपं. फोन उचलाचा अन् लोकायले बेटावर पाठवाचं. मी स्वतः समुद्र पाह्यला नाई. मोठ्यात मोठं पाणी पाह्यलं ते अप्पर वर्ध्याचं धरण. आरतीताई तिकिटं काढते. तिच्या बिस्किटाच्या डब्यात पह्यल्याच दिवशी रबराची पाल ठेवली. किंचाळली, अन् मंग तीच पाल माह्या चहात सोडली. जमन आपलं इथं.

रोजनिशी लिवाची आयडिया रागिणीची, माह्या लहान बहिणीची. म्हणे दादा, तू माणसायले तं कधी खरं सांगत नाई, कागदाले तरी सांग.

१८ मे, सोमवार

डोकं उठलं. कालपासून धोंड्याचा महिना लागला. तीन वर्सांतून एकदा येते. जवाई घरी बोलवाचा, धोंडे खाऊ घालाचे, वाण द्याचं. पह्यले कपडे, अनारसे, लय झालं तं चांदीचं निरांजन. आता जवाई म्हणतात बेट पाह्यजे. अन् बेटं नेमकी आत्ताच बंद! तिकडं पाऊस आपल्या आधी येते, समुद्र खवळते, होड्या बंद. दिवाळीच्या अंगानं उघडते सारं. हे मी सकायपासून सांगून राह्यलो. घसा सुकला. ऐकते कोण?

अकोटचे पंजाबराव काका आले, संग दुर्गाबाई काकू. काका म्हणे, समुद्र बंद म्हंजे काय बे? त्याले काय शटर हाय? मी म्हटलं काका, पावसात चिखलदऱ्याचा घाट बंद असते का नाई? म्हणे, असते, तरी आमी जातोच. बंद म्हंजे वळख नसल्यायले बंद. तठी तुमच्या वळखीचा एक माणूस नाई काय? दुर्गाबाई म्हणे, जाऊ द्या हो, पोट्ट्याले काय समजते.

दिवसभर हेच. साऱ्यायले वळखीचा माणूस पाह्यजे. माह्यावर कोणाचाच भरोसा नाई.

२० मे, बुधवार

वळखीचा माणूस पाह्यजे नं? घ्या. बनवला.

शेखरभाऊच्या ड्रॉवरमंदी एक जुना बटनवाला फोन पडून होता, सिमसकट. त्या नंबरवर आजपासून नत्थुजी राह्यतात. नत्थुजी म्हंजे मीच. म्हातारा माणूस, मूळचा परतवाड्याकडचा, जवानीत गेला तो तिकडंच राह्यला, कवडीबेटावर गेस्ट हाऊसची राखण करते. कवडीबेट कुठी हाय? कुठीच नाई. तेबी मीच बनवलं. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा दाबला का आवाज बरोबर म्हाताऱ्याचा निघते. अन् मागच्या खोलीत कुलरच्या तोंडाशी फोन धरला का पाणी अन् वारा मिळून असा समुद्र वाजते का आरतीताई म्हणे, माहे पाय ओले झाले.

पह्यलं गिऱ्हाईक पंजाबराव काकाच. नंबर देल्ला, म्हटलं बोला तठच्या माणसाशी, अन् मागं पळालो. नत्थुजी खोकलत खोकलत बोलले, बाप्पा, पाऊस लागला, होडी बंद, चार महिने मी एकटाच अठी, येऊ नका. काका एकदम गार. बाहेर येऊन मलेच म्हणे, असं सांगाचं असते! तू मास्तरासारखा नियम सांगत बसला.

शेखरभाऊनं पाह्यलं अन् न पाह्यल्यासारखं केलं. गिऱ्हाईक दिवाळीचं बुकिंग करून गेलं नं, बस.

२३ मे, शनिवार

आता मलेच नत्थुजीचा राग येऊन राह्यला. मी बंद म्हटलं का शिव्या. नत्थुजीनं बंद म्हटलं का लोकं म्हणतात, तब्येत सांभाळा, एकटे राह्यता. बडनेऱ्याची एक बाई तं म्हणे, मी तुमच्यासाठी कुरड्या पाठवते, पत्ता सांगा. मले इथं पाणीबी कोणी विचारत नाई. आरतीताई म्हणे, जयतं काहून तुह्याच म्हाताऱ्यावर?

घरून फोन होता. माय म्हणे रागिणीच्या नवऱ्याचा, पीयूषरावायचा पह्यलाच धोंडा हाय, त्यायलेबी बेटच पाह्यजे. लगन हिवाळ्यात झालं, दोघं अजून कुठीच नाई गेले. मी म्हटलं बंद हाय. माय म्हणे, तू ऑफिसात कायले बसला मंग? घरचाच पोट्टा अन् घरचंच काम नाई! घ्या. घरीबी तेच.

२६ मे, मंगळवार

आज आरतीताईशी भांडलो. पंजाबराव काकाचा फोन आला, आवाजातच लाडू फुटून राह्यले. म्हणे नत्थुजीनं सोता फोन केला, पाऊस उघडला, या म्हणे, कोचीले उतरा, होडी मी पाठवतो. चाललो आमी, पोरगी अन् जवाई घेऊन.

म्या फोन केला नाई. बटनवाल्या फोनची बॅटरी फुगली म्हणून काल काढून ठेवली, ती माह्या खिशात हाय. मी समजलो आरतीताईनंच आवाज काढला, पालीचा बदला. तिनं आपल्या पोराची शपथ घेतली. मंग रडली. ती रडते तेव्हा खोटं नसते.

काकायले लागोपाठ फोन लावले. म्हटलं काका, नत्थुजी नावाचा माणूसच नाई, तो मी हाव. काका हासले. म्हणे तू लय इब्लिस हायस हे नत्थुजीनं सांगतलंच होतं.

२९ मे, शुक्रवार

काकानं फोटो पाठवला. रेती. पाणी. चौघंबी उभे हायत, जवायाच्या गळ्यात कॅमेरा. मागं गेस्ट हाऊस, दार निळं.

निळं दार मी सांगतलं होतं. बडनेऱ्याच्या बाईले. नुसतं तोंडाले आलं म्हणून.

शेखरभाऊले दाखवलं. म्हणे पोचले नं, मंग तुले काय लागलं? मी म्हटलं भाऊ, हे बेट नाई हाय, मी बनवलं. म्हणे जगात बेटायची कमी हाय काय, असन एखादं. अन् पुन्हा म्हणे, आता नवीन नाटकं नको करू. साऱ्यायचं हेच. मी आजवर शंभर थापा मारल्या, त्या सगळ्यायले खऱ्या वाटल्या. ही एकच खरी गोष्ट, अन् ही म्हणे थाप.

काकायले फोन लावला. उचलला. म्हणे सुखात हाओ बाप्पा, लय सुख हाय अठी, या. विचारलं, काका परत कवा येता? म्हणे सुखात हाओ बाप्पा, लय सुख हाय अठी, या. मंग खोकलले. काका खोकलत नाई कधी. तो खोकला माहा हाय. मी बसवलेला.

काकूनं फोन घेतला. तेच बोलल्या. तोच खोकला.

१ जून, सोमवार

रागिणी अन् पीयूषराव चालले. कवडीबेटावर. माय म्हणे तुह्या भरोशावर राह्यलो असतो तं जवाई उपाशीच गेला असता, रागिणीनंच शोधून काढला नत्थुजी. म्हटलं नंबर कोणं देल्ला? म्हणे त्यायचाच फोन आला.

रागिणीले सारं सांगतलं. खर्रा, कुलर, सारं. ती हासून हासून लोटपोट. म्हणे दादा, तू माह्याशी बोलून राह्यला अन् ते आत्ता पीयूषच्या फोनवर हायत, थांब, ऐक. दोन्ही फोन जवळ धरले तिनं.

मी मलेच ऐकलं. मी म्हणून राह्यलो होतो, ये पोरी, खोली झाडून ठेवली. अन् मागं समुद्र.

आमच्या इथली लाईन सकायपासून गेलेली. कुलर बंद होता.

३ जून, बुधवार

शुक्रवारी त्यायची गाडी.

बाबायले फोन केला. पोलिसात जाऊ काय म्हटलं. बाबा म्हणे गावात लाज घालवू नको, जवाई काय म्हणतीन. पीयूषराव म्हणाले, सालेसाब, जळता काहून? अकोटले काकाच्या घरी फोन लावला, पोरगा म्हणे सुखात हायत ते, रोज बोलतात. म्हटलं काय बोलतात? म्हणे सुखात हाओ म्हणतात. अन् या म्हणतात.

जेवण जात नाई. कोणी एक जण तरी—

४ जून, गुरुवार

माह्या मोबाईलवरून त्या नंबरले लावला. बटनवाला समोर टेबलावर, बॅटरी बाजूले. रिंग गेली. उचलला.

म्हटलं कोण हाय? म्हणे तूच सांग बाप्पा, तूच तं बसवलं मले अठी. म्हटलं काय पाह्यजे? म्हणे चार महिने एकटाच, असं तूच म्हटलं. नाई जमत एकट्यानं. माणसं पाह्यजे. आलेले बसून राह्यतात, बोलत नाई, आणखी पाह्यजे.

रडून मागतलं. रागिणीले सोड. मंग म्हणे, सोडतो. पण मी थकलो. राखणीले कोण बसन?

म्हटलं मी.

काय म्हणून बसलो मी. पण म्हटलं. पुन्हा विचारलं असतं तरी तेच म्हटलं असतं.

५ जून, शुक्रवार

रागिणीचा फोन. रडून राह्यली, नाकातून बोलून राह्यली. नत्थुजीनंच सांगतलं म्हणे, समुद्र खवळला, बेट बंद, येऊ नको पोरी. तिकिटं वापस केली. पीयूषराव फुगून बसले, माय त्यायले आंगठी घेऊन देऊन राह्यली. मले म्हणे, हे तुहंच काम हाय, तुह्या तोंडाले कीड लागो.

शिव्या दे रागिणी. आणखी दे. एवढं गोड कधी लागलं नाई काही.

दुपारी आरतीताई म्हणे, तू इथं बसला अन् तुहा आवाज दुरून काहून येते?

६ जून

सकायी ऑफिस उघडलं, आत गेलो, दार लावलं. पाणी प्यावं म्हणून पुन्हा दार उघडलं तं जिना नाई. रेती.

टॉवर चौक नाई. चष्म्यावाला नाई. पाऊस— एवढा पाऊस मी—

बाहेरून पाह्यलं. दार निळं हाय.

पंजाबराव काका पाण्याच्या काठाशी बसले. काकू, पोरगी, जवाई. पावसात. तोंड समुद्राकडं. हाक मारली. समोर जाऊन पाह्यलं नाई. नाई पाह्यत.

मोबाईल मेला. बटनवाला चालू हाय. बॅटरी नाई त्याच्यात.

रविवार असन

बटनवाल्यावरून घरी लावला. माय, मी कुलदीप. मोठ्यानं सांगतलं. खर्रा नाई तोंडात, काही नाई. माय म्हणे, कोण, नत्थुजी? खोकला वाढला तुमचा.

मंग रडाले लागली. म्हणे आमचा कुलदीप ऑफिसातून निघून गेला कुठी, पत्ता नाई. तुमच्याकडं तं नाई आला? बहिणीनं बोल लावले म्हणून रुसला असन. रागिणी जेवत नाई.

मी म्हटलं माय, मीच हाव. येऊ नका कोणी. बेट बंद हाय.

माय म्हणे, तिथंच हाय? देवासारखे भेटले बाप्पा. धरून ठेवा त्याले. रागिणी अन् जवाई आत्ताच निघतात त्याले आणाले.

ओरडलो. बंद हाय म्हटलं. बंद. माय म्हणे, हो हो, या म्हणता तं येतातच.

काय ऐकू जाऊन राह्यलं तिले? मी काय बोलून राह्यलो?

फोन ठेवला तिनं. रागिणीले लावतो. रिंग जाऊन राह्यली. उचलते, ती लवकर उचलते. हळू बोलीन, एकेक शब्द. रागिणी, दादा हाव, ऐक, बंद हा—