एमा या शब्दासाठी

सोमवार, ४ मार्च

गाडी अडलीय ती एका शब्दावर. बायबलच्या जुन्या भागाचं नवं भाषांतर चाललंय. मला हिब्रूचं ओ की ठो कळत नाही. आपल्या भाषेत वाक्य सरळ उतरलंय का, एवढंच मी पाहायचं. चौतीस वर्षं शाळेत कविता शिकवली म्हणून बोलावणं आलं. मूळ भाषा जाणणाऱ्या बाई टेबलापलीकडे, टंकलेखक कोपऱ्यात, मी खिडकीशी.

शब्द आहे ‘एमा’. बाई म्हणाल्या, “भीतीच, पण साधी नव्हे. मनात उगवत नाही, बाहेरून येऊन माणसावर पडते. एका ठिकाणी सूर्य मावळताना झोपलेल्या माणसावर काळोखासारखी पडते. एका ठिकाणी देव ती लोकांच्या पुढे धाडतो, शत्रूची दाणादाण करायला. राजाचीही असते – सिंहाच्या गुरगुरण्यासारखी.”

आमच्या ओळीतला माणूस सगळं गमावून बसलाय, अंगभर फोड आलेत. देवाला म्हणतो – तुझा हात माझ्यावरून काढ, तुझ्या अमुकानं मला घाबरवू नकोस. मग तू हाक मार, मी उत्तर देईन.

त्या ‘अमुका’च्या जागी मी ‘दरारा’ सुचवला. टंकलेखक मान वर न करता म्हणाला, “दरारा सासऱ्याचा असतो, सर. तोही लग्न होईपर्यंत.” बाई हसल्या. मला शब्द आवडलाय.

मंगळवार, ५ मार्च

दरारा. दिवसभर तोंडात घोळवला. लांबून नगारा यावा तसा येतो. आपल्यामागे छापील पुस्तकात हा एक शब्द राहिला तरी पुष्कळ झालं.

शाळेतला लांब व्हरांडा आठवला. कोपऱ्यावर माझी पावलं वाजली की साठ पोरांचा वर्ग चिडीचूप. मग मी खडू खाली ठेवायचो, डोळे मिटून पहिलं कडवं म्हणायचो. टाचणी पडली तरी ऐकू यावी! कवितेला अशी शांतता पुन्हा कुठे मिळाली नाही.

गुरुवार, ७ मार्च

शब्द पक्का करण्याआधी चाचणी करतात. ओळ माणसाला वाचून दाखवायची, कागद मिटायचा, मग विचारायचं – या माणसाला काय हवंय? उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. आपण काही सुचवायचं नाही. बाईंनी पुन्हा बजावलं, “ओळखीच्यांना विचारू नका.” सात माणसं आणायचीत. अनोळखी सात माणसं या वयात कुठून आणू?

रविवार, १० मार्च

मुलगा औषधं घेऊन आला. लिफ्ट दुरुस्त करतो, बोटांच्या पेरांत वंगण कायमचं बसलंय. वीस मिनिटं बसला. “हो बाबा.” “नाही बाबा.” “बघतो बाबा.” चपला घालून दारात थांबला.

“काय रे?”

“काही नाही.”

तासाभरानं सूनबाईचा फोन. “बाबा, हे काही बोलले का?”

“काय बोलायचं होतं?”

“त्यांनाच सांगू द्या.”

हे घर विकायचं काढणार, दुसरं काय.

बुधवार, १३ मार्च

सात झाले. चष्मेवाला, औषधवाला, शिंपी, बँकेतले दोघे, टपाल वाटणारा, मुख्याध्यापिका झालेली एक. सगळ्यांनी नीट ऐकलं. शिंप्यानं तर शिवण थांबवून तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. सातही जण म्हणाले, त्याला देवाचा मान राखायचाय, शब्द चपखल आहे. इतकं एकमत!

शुक्रवार, १५ मार्च

बाईंनी सातही कागद वाचले.

“सात जणांचं एकच उत्तर कधी येत नाही, सर. ही माणसं कोण तुमची?”

“माझे विद्यार्थी.”

“सगळे?”

“या गावात दुसरं कोण असणार?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “ओळीतल्या माणसाला काय हवंय, ते विचारायचं होतं. त्यांनी तुम्हाला काय हवंय ते सांगितलं.” मग कागद माझ्याकडे सरकवले. “आणि खरं सांगू? हा शब्द वरून पाहिलेला आहे. ओळीतला माणूस खाली आहे.”

टंकलेखक आज विनोद करायला विसरला.

रविवार, १७ मार्च

मुलगा आला. नियम मोडून त्यालाच ओळ वाचून दाखवली, शब्दाच्या जागी थांबलो. म्हटलं, इथे तू काय म्हणशील?

तो खुर्चीतून उठला. हात मागे बांधले. बावन्न वर्षांचा माणूस.

“परीक्षा आहे का, बाबा?”

“नाही रे. सहज.”

“मला कविता कधी जमली नाही.”

“ही कविता नाही. बस तू.”

बसला नाही. औषधांच्या वेळा सांगितल्या, आणि गेला. दारात या खेपेलाही थांबला होता. मी विचारलं नाही.

सोमवार, १८ मार्च

ही होती तेव्हा म्हणायची, तुम्ही घरात आलात की तास सुरू होतो. मला ते कौतुक वाटायचं.

मंगळवार, १९ मार्च

‘दरारा’ मीच खोडला. बाईंनी ‘धास्ती’ लिहिलं आणि चाचणीला स्वतः गेल्या. धोब्याच्या दुकानात थांबलेली एक बाई म्हणाली, “त्याला देवाशी बोलायचंय, पण जीभ उचलत नाही. आधी देव जरा लांब सरकला तर हा बोलेल.” बाईंना उत्तर फार आवडलं. मला ‘धास्ती’चा नाद आवडत नाही. तरी तोच राहू दिला.

शनिवार, २३ मार्च

उद्या तो येईल. आरामखुर्ची भिंतीशी लावली, दाराकडे पाठ करून. मला त्याच्याकडून घराविषयी काय ते ऐकायचंय. विकायचं म्हणाला तर विक म्हणेन. एवढंच ठरवलंय.

रविवार, २४ मार्च

आला. मी काही विचारलं नाही, भिंतीकडे पाहत बसलो. बराच वेळ मागे पिशवीचा आवाज येत होता. मग म्हणाला, “बाबा, पोटात गाठ निघालीय. गुरुवारी ऑपरेशन आहे. तीन रविवार झाले, सांगीन म्हणतो.”

“मग बोलला का नाहीस? गाठीची भीती वाटली?”

“गाठीची नाही, बाबा.”