तेरावी शाखा

३ मार्च, किसुमू, केनिया
या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रमुख नेरियाबाई म्हणाल्या, ही खुर्ची अपोंडीची होती. माझ्या अपोंडीची! याच खुर्चीसाठी तर ही नोकरी धरली! डिसेंबरपासून तिचा एक निरोप नाही. इथं सांगतात, मोम्बासाला गेली. असेल, पत्ता काढीन. खिडकीतून सरोवर दिसतं, चहा झकास, माणसं मला सोडून बारा. कॉलेज सोडताना मी सरांचं दार धाडकन आपटलं होतं, तेव्हा अपोंडी हसून म्हणाली होती, एक दिवस दारच तुला गिळेल.

५ मार्च
इथली रीत अजब. सर्व्हरवर प्रत्येक जुन्या माणसाच्या नावाची शाखा, म्हणजे त्याच्या कोडची वेगळी प्रत, प्रत्येक बदलाला एक लेखी नोंद; पण आमची मशिनं फक्त सगळ्यांची सामायिक मुख्य शाखा उतरवून घेतात. सेटिंगच्या फाइलीत तशी एकच ओळ. शेजारच्या टेबलावरचा वेकेसा म्हणाला, नेट गोगलगाय आहे रे प्रेमवीरा, सगळ्यांचा पसारा कशाला ओढतोस? बाई हसल्या नाहीत. त्या ओळीला हात लावायचा नाही, म्हणाल्या. मला दम देतात!

६ मार्च
लावला हात. मुख्य शाखेचं नाव खोडून चांदणीची खूण (*) टाकली, म्हणजे सगळ्या शाखा आण. बारा जणांच्या बारा आल्या. तेरावी अपोंडीची. शेवटची नोंद आज सकाळची! वेकेसाची कॉलर धरली. तो चाचरत म्हणाला, बाबा, तिचं खातं डिसेंबरातच बंद केलंय. खोटारडे सगळे.

९ मार्च
तिच्या शाखेत रोज नवी नोंद. आधी: आणू नकोस. मग: ओळ पूर्वीसारखी कर. आज: निघताना दार ओढू नकोस. तीन महिने गप्प, आणि आता हुकूम? समोर ये ना!

१० मार्च
बाईंनी रडत कबूल केलं. मोम्बासा थाप. तिनंही चांदणी टाकली होती. बाईंशी भांडली, ऑफिसचं दार आपटून गेली. बाहेर जिन्यावर वेकेसा उभा होता. दार आपटलेलं त्यानं ऐकलं. बाहेर कुणी आलंच नाही.
आणि हे चहा पीत बसले!

११ मार्च
ओळ पूर्ववत केली. उतरलेल्या शाखा तशाच. हातानं पुसल्या — परत आल्या. आता चौदा. चौदावी माझ्या नावाची. मी नाही केलेली —

१२ मार्च
तीत एकच नोंद. वेळ सव्वाचारची. आत्ता चार वाजलेत. ‘पोचलो. अपोंडी इथंच आहे.’
तिच्या शाखेत — ‘हे तू लिहिलेलं नाहीस. दार उघडं ठेव.’

चार-दहा. ती एकटी आहे तिथं. तीन महिने.
मीही दार ओढूनच जाणार. वेकेसा आडवा आला. ढकलला. बाई ओरडतायत — ओरडा! तेव्हा कुठं होता?
वही हातात. उंबरा ओलांडला. दार मागं ओढ—